रविवार आला कुठून? गिरण्या, शिकागो आणि आपला कधीच न विझणारा दिवा

(ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

जुईनगरहून बोलतोय. मध्येच मागे गाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या, ट्रान्स-हार्बरला म्यूट बटण नाहीये.

आजचा विषय तसा इतिहासाचा आहे. पण हेडफोन काढू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीयेत. प्रश्न अगदी साधा आहे. रविवारी सुट्टी असते, ती का असते? कोणी दिली? आणि जी गोष्ट कोणीतरी, कधीतरी भांडून मिळवली, ती हळूहळू हातातून सुटायला लागली तर आपल्याला कळेल तरी का?

कारखाने आले तेव्हा अमेरिकेत काय झालं यावर सिनेमे आहेत, डॉक्युमेंटऱ्या आहेत. शिकागो, न्यूयॉर्क, युनियन, संप, सगळं आपण कुठे ना कुठे बघितलेलं असतं. तेच सगळं आपल्या लालबाग-परळला, जवळपास त्याच काळात घडत होतं. त्यातली माणसं मराठी बोलत होती. तरी आपल्याला हेमार्केट माहीत असतं आणि नारायण मेघाजी लोखंडे हे नाव फार तर एखाद्या चौकाच्या पाटीवर वाचलेलं असतं. म्हणून आज दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघू.

सुरुवात कापसापासून करू. १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध. दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी मरायला लागल्या. मग त्यांनी कापूस कुठून घेतला? मुंबईतून. भाव आकाशाला भिडले, शहरात पैशाचा पूर आला. लोकांनी वाट्टेल त्या कंपनीचे शेअर घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला. क्रिप्टोवाल्यांना वेगळं समजवायला नको! पण शहराला एक सवय लागून गेली, मोठ्या पैशाची. मुंबईत पहिली कापड गिरणी निघाली होती १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांची, ताडदेवला. १८७० नंतर मात्र गिरण्या धडाधड उभ्या राहिल्या. शतक संपता संपता त्यात साठ-सत्तर हजारांवर माणसं काम करत होती. रत्नागिरी, सातारा, पुणे, घाटावरची आणि कोकणातली गावं ओस पडून इकडे येत होती.

आता गिरणीच्या आत जाऊ. कामाची वेळ काय? उजाडल्यापासून मावळेपर्यंत. घड्याळाचा संबंध नाही. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे दिसेनासं झालं की काम थांबायचं. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. म्हणजे मे महिन्यात, मुंबईच्या घामात, कापसाचे तंतू नाकातोंडात जात असताना, शिफ्ट सगळ्यात लांब. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. सण असेल तर गिरणी बंद, नाहीतर यंत्र साफ करायचं असेल त्या दिवशी थोडी मोकळीक. हे नीट लक्षात घ्या. सुट्टी यंत्राच्या गरजेप्रमाणे होती, माणसाच्या नाही.

पगार उशिरा व्हायचा, कधी महिना तर कधी दीड महिना. तोपर्यंत खायचं काय? उधारीवर. दुकानदार, सावकार, खानावळवाली, सगळ्यांची वही भरलेली. कामावर घेणारा होता मुकादम, ज्याला जॉबर म्हणायचे. त्याला खूश ठेवायचं, नाहीतर उद्या दुसरा माणूस आत. सकाळी गेटवर बदली कामगार उभेच असायचे. आणि लहान पोरं? होतीच. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा त्यात काय होतं माहितीये? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास. आणि तेही शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यातच. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक शब्द नाही. सात वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्याकडे दुसरीतला पोरगा. त्याने नऊ तास काम करणं ही त्या वेळी ‘सुधारणा’ होती.

अमेरिकेतलं चित्र वेगळं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा पत्रकार फ्लॅशचा कॅमेरा घेऊन गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरला आणि १८९० मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये कामगार वस्तीतच घर घेऊन हल हाऊस सुरू केलं. आणि त्याच्या आधी, १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी मोठा संप झाला. ४ मे ला हेमार्केट चौकात सभा चालू असताना बॉम्ब पडला, गोळीबार झाला, पुढे चार जणांना फाशी झाली. बॉम्ब कोणी टाकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. आपण १ मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेतो, जगभरात तो कामगार दिन असतो, तो या संपामुळे.

आता परत मुंबईत या, कारण आपला हिरो आलाय.

नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्यात. शिक्षण फार नाही. रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे गिरणी त्यांनी आतून बघितली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला माणूस. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र चालवायला घेतलं. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं ते पत्र लोखंड्यांनी मुंबईत आणलं आणि त्यात गिरणीतल्या गोष्टी छापायला लागले. त्याआधी गिरणी कामगाराचं दुखणं कोण छापणार होतं?

१८८४ मध्ये सरकारने मुंबईत फॅक्टरी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातल्या मागण्या ऐका:

एक, दर रविवारी पूर्ण सुट्टी.
दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती.
तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद.
चार, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत.
पाच, कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

बास. एवढंच.

मी इंजिनिअर माणूस. ही यादी वाचली आणि मला वाटलं, अरे, ही तर रिक्वायरमेंट आहे, आणि फार चांगली लिहिलेली! ‘आम्हाला माणसासारखं वागवा’ असं त्यात कुठेही नाही. तसं लिहिलं असतं तर मालक म्हणाले असते, वागवतोच की. पण ‘१५ तारखेच्या आत पगार’ ही गोष्ट तपासता येते. सोळा तारीख उजाडली आणि पैसे आले नाहीत, तर टेस्ट फेल. वाद संपला. ‘सूर्यास्ताला बंद’ हेही तसंच, वर बघितलं की कळतं.

दुसरी गोष्ट. साडेपाच हजार लोकांनी एकाच कागदावर सही केली. यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं हे धरून चला. आणि प्रत्येकाला माहीत होतं की आपलं नाव मुकादमाच्या कानावर गेलं तर उद्या गेटवर बदलीवाला उभा आहे. तरी सही केली, कारण शेजारच्यानेही केली होती.

लगेच काही झालं का? नाही. कमिशनने ऐकून घेतलं, फाइल पुढे सरकली, वर्षं गेली. लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, बॉम्बे मिल हॅंड्स असोसिएशन. देशातली कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचं नाव घेतात. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी नाही, सभासदांची नोंद नाही, निधी नाही. लोखंडे लोकांना फुकट सल्ला द्यायचे आणि अर्ज लिहून द्यायचे. पण मागण्या बदलल्या नाहीत. तीच यादी, पुन्हा पुन्हा.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्यात दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या, गिरणीत काम करणाऱ्या. १८९० साली, हजारो पुरुषांच्या सभेत! त्यांची नावं बहुतेक पुस्तकांत मिळत नाहीत, पण त्या बोलल्या याची नोंद आहे. मागणी तीच, आठवड्याला एक दिवस सुट्टी. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचं किमान वय सातचं नऊ झालं. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले.

सहा वर्षं लागली. १८८४ ला मागितलेला रविवार १८९० ला मिळाला. आणि अमेरिकेतले लोक त्या वेळी पुढे होते असं समजू नका. तिथल्या मोठ्या पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत चालू होती.

आता एक अवघड भाग. तो सांगितला नाही तर गोष्ट फार गोड होईल.

हे फॅक्टरी कायदे व्हावेत म्हणून सगळ्यात जास्त दबाव कोण आणत होतं? लँकेशायरचे गिरणीमालक. मुंबईचा माल स्वस्त पडतोय, कारण तिथे तास मोकळे आहेत, पोरं कामाला आहेत. मग तिथेही कायदा करा! कामगाराबद्दल कळवळा थोडा, धंद्याची चिंता जास्त. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. हा देशी उद्योग मारायचा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं.

मग कामगाराने काय करायचं? देशाचा उद्योग वाढतोय म्हणून चौदा तास उभं राहायचं? लोखंडे आणि त्यांच्या आधी सोराबजी शापूरजी बंगाली, ज्यांनी मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादेसाठी विधेयकाचा मसुदा केला होता, या लोकांनी ठरवलं की कायद्याला पाठिंबा देणाऱ्याचा हेतू काय ते त्याचं त्याच्यापाशी. आपल्या माणसाला विश्रांती मिळते का, एवढं बघायचं. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. कारण ‘देशासाठी थोडं जास्त काम कर’ हे वाक्य तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी ‘तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं’ यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? वाद नवा नाहीये, बघा.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो.

लोखंड्यांच्या यादीत तिसरी मागणी काय होती? सूर्यास्ताला काम बंद. त्या काळात ही मर्यादा पक्की वाटत होती, कारण अंधारात धागा दिसत नाही. निसर्गानेच स्विच बंद केला. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्ताला काही अर्थच उरला नाही. १९०५ च्या सुमारास बऱ्याच गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार चिडले, गोंधळ झाले, काम बंद पडलं. दिव्यावर राग होता असं नाही. आपली एकमेव मर्यादा दिव्याने खाल्ली, त्याचा राग होता. मग चौकशी समिती, मग कमिशन, आणि अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजे दिवा आल्यावर, ‘सूर्य’ या शब्दाच्या जागी ‘तास’ हा शब्द घालायला इतकी वर्षं लागली.

आता खिशातला फोन काढा. म्हणजे तो हातातच असेल.

आपल्या आधीच्या पिढीचं ऑफिस एका जागी होतं. जागा सोडली की काम सुटायचं. फाइल घरी येत नव्हती, कॉम्प्युटर टेबलाला चिकटलेला. त्यांची मर्यादा ‘दार’ ही होती. लॅपटॉप आणि फोन आले आणि दार गेलं. नियम कोणी मोडला नाही. नियम ज्या गोष्टीवर उभा होता तीच राहिली नाही. रात्री साडेअकराला ‘क्विक कॉल?’ असा मेसेज येतो तेव्हा आपण कामावर असतो की घरी? पगारपत्रकावर याचं उत्तर नाही. चॅटमध्ये आपल्या नावापुढे हिरवा दिवा लागलेला असतो, तो आपला विजेचा दिवा.

हे फक्त आयटीवाल्यांचं रडगाणं समजू नका. आपण एसीत बसतो, आपल्या फुप्फुसात कापूस जात नाही. तुलना तेवढ्यापुरतीच आहे. तंत्र बदललं की जुनी मर्यादा आपोआप निकामी होते आणि नवी मर्यादा आपोआप येत नाही, एवढंच म्हणायचंय.

कधी कधी ती फार मोठी किंमत घेऊन येते. २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा कपड्यांचा कारखाना, इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं मेली, बहुतेक तरुण मुली, ज्यू आणि इटालियन स्थलांतरित घरांतल्या. कित्येकींनी खिडकीतून उड्या मारल्या. रस्त्यावर उभं राहून हे बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई होती. पुढे ती अमेरिकेची कामगार मंत्री झाली, आणि १९३८ चा कायदा, किमान वेतन, ओव्हरटाइम, बालमजुरीवर बंधन, हे तिच्या काळात आलं. आपण ऑफिसात फायर ड्रिलला कंटाळून चहा प्यायला खाली जातो ना, त्यामागे असल्या आगी आहेत.

त्याच १९११ मध्ये इकडे मुंबईत ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, उधारीच्या फासातून सोडवायला सहकारी पतपेढ्या. लोअर परळला ज्या ना. म. जोशी मार्गावरून आज लोक मॉलला आणि पबला जातात, ते हेच जोशी.

आता प्रश्न असा की या सुधारणांत सगळे आले का? नाही आले. हे बोललंच पाहिजे.

गिरणीत विणाईच्या खात्यात पगार बरा मिळायचा. पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायला लागायचा. मग बाकीचे कामगार म्हणायचे, ‘त्यांच्या’ तोंडचा धोटा आम्ही कसा तोंडाला लावू? मालक म्हणायचे, हा तुमचा आपसातला मामला. म्हणजे यंत्र आलं, भोंगा आला, युनियन आली, आणि जात साच्याशेजारी तशीच उभी. १९२८ चा मोठा संप, सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे, ही मागणी यादीत घाला. त्यांनी ती घातली, पण फार खुशीने नाही.

आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते, म्हणजे ट्रँगलच्या आगीनंतर दोनच वर्षांनी त्याच शहरात. परत आल्यावर राहिले कुठे? परळला, बीआयटी चाळीत, कामगारांच्या वस्तीत. मुंबई कौन्सिलात त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ ते केंद्रात मजूर मंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांत आठवड्याला ४८ तास आले. १८८४ ला ‘सूर्यास्त’, १९११ ला १२ तास, १९४६ ला आठवड्याचे ४८. बासष्ट वर्षांचा प्रवास आहे हा.

आता जरा आपल्या गल्लीत येऊ. जुईनगरहून ठाण्याच्या गाडीत बसलात की पुढचं स्टेशन तुर्भे. तिथे एपीएमसी मार्केट. कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहणारे माथाडी कामगार तुम्ही बघितले असतील. माथाडीचा प्रश्न काय होता? त्याला एक मालक नाही. सकाळी या गाळ्याची गाडी, दुपारी त्या गाळ्याची. मग पीएफ कोण भरणार, रजा कोण देणार? अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. युक्ती साधी होती. मालक एक नाही ना, मग मंडळ करा. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळात जमा, आणि त्यावर व्यापाऱ्याने लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, असणारच. पण कल्पना बघा किती पुढची आहे.

कारण आज ‘मालक एक नाही’ असा प्रश्न कोणाचा आहे? आपल्या दारात बिर्याणी घेऊन येणाऱ्याचा. त्याला ‘पार्टनर’ म्हणतात. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांसाठी द्यायची तरतूद आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झालीये. तिची नाळ कुठे जोडता येते? आपल्या तुर्भ्याच्या गोणीशी.

आणि आपण, एसीवाले? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, जास्त काम केलं तर दुप्पट दराने पैसे, असं लिहिलेलं होतं. पण विश्वासाच्या, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या लोकांना यातून वगळलेलं आहे. त्यामुळे पदाच्या नावात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ कशासाठी आलाय, हे एकदा विचारून बघावं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांसाठी दिवसाचे नऊ तासांचे दहा आणि कारखान्यांसाठी नऊचे बारा करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ ची मर्यादा आणि ओव्हरटाइमचे पैसे आहेत, आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती हवी, असं सरकारने सांगितलंय.

लेखी संमती! इथे मला ते १८८४ चं निवेदन आठवतं. तीही लेखी सहीच होती. फरक एवढाच की साडेपाच हजार लोकांनी ती मिळून केली होती. एचआरच्या केबिनमध्ये एकट्याने फॉर्मवर केलेली सही आणि ती सही, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या प्रकारात ‘नाही’ म्हणायची सोय किती जणांना असते, हे तुम्हीच ठरवा.

मग काय करायचं? संप करा असं मी सांगत नाहीये, तेवढी माझी पत नाही. पण लोखंड्यांच्या यादीतून एक गोष्ट उचलता येते. मी आधी ज्या टीममध्ये होतो, कंपनीचं नाव घेत नाही, तिथे रात्रीच्या ऑन-कॉलवरून सगळे वैतागलेले. ‘फार बर्नआउट होतंय’ असं आम्ही दर मीटिंगला बोलायचो, वरून उत्तर यायचं, ‘समजू शकतो.’ मग आम्ही आठ जणांनी एक शीट केली. कोणाला, कोणत्या रात्री, किती वाजता फोन आला, परत झोपायला किती वाजले. फक्त सहा आठवडे. आणि खाली दोन ओळी: रात्री दोननंतर फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आधी मीटिंग नाही; आणि एका माणसाला लागोपाठ दोन आठवडे ऑन-कॉल नाही. शीट आठही जणांच्या नावाने गेली. दुसरी ओळ मान्य झाली, पहिली नाही. पण एक तरी झाली, आणि ती अजून चालू आहे असं तिथला मित्र सांगतो.

आपण ‘दमलोय यार’ हे स्टेटसला टाकतो. ते आपल्यापुरतं राहतं, त्यावर दोन हार्ट येतात आणि चोवीस तासांनी ते उडून जातं. लोखंड्यांनी काय केलं? हजारो लोकांचं दमणं त्यांनी तपासता येईल अशा पाच ओळींत आणलं, छापलं, आणि सहा वर्षं तेच बोलत राहिले.

शेवटचं त्यांच्याबद्दल सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले. लोखंडे राहिले, रुग्णांसाठी धावपळ केली, आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमचं अपॉइंटमेंट लेटर उघडा, त्यात कामाचे तास शोधा. बऱ्याच जणांना ते सापडणारच नाहीत किंवा ‘गरजेनुसार’ असा शब्द सापडेल. मग एक महिना तुमचे खरे तास लिहून ठेवा, रविवारचे मेसेजसुद्धा. आणि शेजारच्या डेस्कवरच्यालाही लिहायला सांगा, कारण एकट्याची शीट म्हणजे फक्त डायरी.

पुढच्या भागात चाळींबद्दल बोलू: बीआयटी, बीडीडी, आणि दहा बाय बाराच्या खोलीत इतकी माणसं राहायची तरी कशी. हा भाग शक्यतो रविवारी ऐका. चला, भेटू. काळजी घ्या!